कालची चूक कळवणाऱ्या बाई

बाईंना कुणी "कशा आहात?" असं विचारलं, तर त्या लगेच "बरी आहे" म्हणत नसत. क्षणभर थांबत, आठवत, आणि मग सांगत, "कालपेक्षा गुडघा बरा आहे. झोप तशीच. खोकला नवा आहे, परवापासून." विचारणारा माणूस तोवर पुढं निघून गेलेला असे. बाईंना त्याचं काही वाटत नसे. प्रश्न विचारला आहे म्हणजे उत्तर हवं असणार, असं त्या धरून चालत.

भोरच्या एस्टी स्टँडजवळ, एका धान्याच्या दुकानाच्या माडीवर आमचं ऑफिस होतं. सत्तरच्या दशकाचा मधला काळ. वेल्ह्याच्या डोंगरात पाऊस पडला की खाली नदीला पाणी किती चढणार, याचा अंदाज कॉम्प्युटरकडून काढायचा, असा एक प्रयोग पुण्याच्या एका संस्थेनं हाती घेतला होता. कॉम्प्युटर अर्थात पुण्यात. भोरला फक्त आम्ही: बाई, मी, एक कारकून आणि एक शिपाई. बाई प्रोग्रॅम लिहायच्या, म्हणजे मशीननं कोणता हिशेब कसा करायचा ते ओळीओळीनं मांडायच्या. मी पंचिंग मशीनवर बसून त्यांची एकेक ओळ एकेका जाड कार्डावर भोकं पाडून उतरवायचे. अशा शेकडो कार्डांचा गठ्ठा लांबट ट्रेमध्ये भरून दर आठवड्याला पुण्याला जायचा. मशीन तो वाचायचं आणि एक कोष्टक छापून द्यायचं: वर पाऊस इतका, नदीला पाणी इतकं, तर संध्याकाळी खाली फरशीवर, म्हणजे नदी ओलांडायच्या बुटक्या पुलावर, किती. ते कोष्टक समोर ठेवून आम्ही रोज दुपारी वायरलेसवरून खालच्या गावांना निरोप द्यायचो. कोतवाल तो चावडीवर वाचून दाखवायचा.

मी किकवीची सून. आधी पुण्यात एका बँकेत पंचिंगचं काम करत होते, लग्नानंतर भोरची जागा निघाली म्हणून अर्ज केला. पहिल्याच दिवशी माझ्या हातून एक कार्ड चुकलं. मी ते फाडून टोपलीत टाकलं आणि दुसरं काढलं. बाई उठल्या, टोपलीतून दोन्ही तुकडे काढले, चिकटपट्टीनं जोडले आणि माझ्यापुढं ठेवले.

"चुकलेलं टाकायचं नाही," त्या म्हणाल्या. "उद्या हीच चूक परत झाली तर ती जुनी की नवी, हे कशावरून ओळखशील?"

मला ती बाई विक्षिप्त वाटली. ती तशी होतीच.

गठ्ठ्याची व्यवस्था हा बाईंचा खास विषय. ट्रेमधली कार्डं उभी, एकमेकांना चिकटून असत. त्यांच्या वरच्या कडेवरून बाई रंगीत पेन्सिलीनं एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तिरकी रेघ ओढत. एखादं कार्ड बदललं, मागंपुढं झालं, की रेघ तिथं तुटलेली दिसायची. बदल मान्य झाला की सगळ्या गठ्ठ्यावर नव्या रंगाची दुसरी रेघ. म्हणजे निळी रेघ असलेला गठ्ठा चैत्रातला, त्यावर तांबडीही असली तर ज्येष्ठातला. बदललेली जुनी कार्डं वेगळ्या खोक्यात, का बदलली त्याच्या दोन ओळींसकट. पुण्याचे लोक या रेघांना हसत. पण त्यांच्याकडं कधी गठ्ठा जमिनीवर सांडला की माणसं दोन-दोन दिवस कार्डं लावत बसत, आणि आमचा सांडला तर मी चहा गार व्हायच्या आत लावून मोकळी व्हायचे.

गठ्ठा बांधायचा कशानं, यावर तर बाईंनी वर्षभर प्रयोग केले. रबरं उन्हाळ्यात वितळून कार्डांना चिकटायची. सुतळीनं कडा कापल्या जायच्या. सायकलच्या ट्यूबच्या चकत्या करून पाहिल्या, त्यांचा काळा रंग कार्डांना लागला. शेवटी त्यांनी परकराची रुंद नाडी आणली आणि ती पास केली. ऑफिसच्या खरेदीत "परकराची नाडी" असं लिहिलेलं बघून पुण्याहून विचारणा आली. बाईंनी सगळ्या प्रयोगांची हकिगत कळवून टाकली, रबरापासून नाडीपर्यंत, न हसता.

पावसाळ्यात दमट हवेनं कार्डं फुगायची आणि मशीनच्या तोंडात अडकायची. त्यावर बाईंनी कार्डांच्या कपाटात एक दिवा कायम जळता ठेवला होता. वीज गेली की त्या कपाटाला हात लावून बसत. हात गार लागला की म्हणत, "आता घाई करू या."

पुण्याला जाताना ट्रेची पेटी एस्टीच्या टपावर चढवू देत नसत. पेटीसाठी वेगळं तिकीट काढत आणि ती शेजारच्या सीटवर ठेवत. एकदा बाजारचा दिवस होता, गाडी गच्च भरलेली. कंडक्टर वैतागला.

"बाई, पेटीला बशिवता आन् माणसं हुबी ऱ्हायची?"

बाईंनी त्याच्याकडं पाहिलं. त्याचं म्हणणं त्यांना पटलं होतं. त्या स्वतः उठल्या, आपल्या जागेवर एका म्हाताऱ्या माणसाला बसवलं आणि पुण्यापर्यंत पेटीला हात लावून उभ्या राहिल्या. पेटी मात्र बसूनच गेली.

बाई भोरच्याच. बौद्ध घरातल्या. वडील भाटघरच्या धरणावर दारांना वंगण घालायचं काम करत. धरणाच्या भिंतीवर बसून बाईंनी शाळेचा अभ्यास केला, पुढं वसतिगृहात राहून गणितात एम.एस्सी. केलं. लग्न केलं नव्हतं. त्याचं कारण कुणी विचारत नसे, आणि विचारलं असतं तर त्यांनी सविस्तर सांगितलं असतं, म्हणूनही कुणी विचारत नसावं.

एक प्रश्न त्या सगळीकडं लावत. काही बिघडलं, की बिघडलेल्या गोष्टीकडं न बघता विचारत, "काल काय होतं? आज काय बदललं?" माझा थोरला मुलगा एकदा आठवडाभर उलट्यांनी हैराण झाला. डॉक्टरांचं औषध चालू होतं, सासूबाईंनी दृष्ट काढली होती. बाईंनी मला समोर बसवून घेतलं. मागच्या आठवड्यात घरात काय बदललं? काही नाही, मी म्हटलं. नीट आठव, त्या म्हणाल्या. आठवता आठवता निघालं, की मातीचं ताकाचं मडकं फुटलं होतं आणि सासूबाई माळ्यावरचं पितळी पातेलं वापरत होत्या. त्याची कल्हई कधीच उडाली होती. घरी जाऊन मी पातेलं बदललं. दोन दिवसांत पोर खेळायला लागलं. सासूबाई म्हणाल्या, "तुजी बाई लई इचारती, पर इचारती ते ब्येस इचारती."

तोच प्रश्न मी एकदा निराळ्या जागी ऐकला. आमच्याकडं नवा कारकून आला होता. त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पाहिलं, तर माडीवर एकाऐवजी दोन माठ. एक नेहमीचा, त्याच्यापलीकडं एक लहान, त्यावर वेगळा पेला. आम्हाला सगळ्यांना समजलं आणि आम्ही आपापल्या कामाला लागलो. बाई आल्या, पर्स ठेवली, माठांकडं पाहिलं आणि शिपायाला नेहमीच्या आवाजात विचारलं, "काल एक माठ होता. आज दोन आहेत. काय बदललं?"

शिपाई पायाकडं बघत राहिला. कारकून फाइल उघडून बसला. बाई उत्तरासाठी थांबल्या. खरोखरच थांबल्या, उभ्याच, बराच वेळ. मग त्यांनी मोठ्या माठातून पाणी घेतलं, प्यायल्या, आणि कामाला बसल्या. दुपारी लहान माठ नव्हता. त्यांनी तो विषय पुन्हा कधी काढला नाही. 

त्यानंतरच्या उन्हाळ्यात पुण्याहून एक धाकटे साहेब आले. परदेशात शिकून आलेले, गोड स्वभावाचे. त्यांनी टेप आणली होती. आता कार्डांची गरज नाही, ते म्हणाले. सगळा गठ्ठा एकदा मशीनला वाचून द्यायचा, तो टेपवर उतरतो. पुढं टेपवरूनच चालवायचं. दमट हवेची भीती नाही, पेटी नाही, सांडलवंड नाही. आम्हाला वाटलं, बाई हटून बसणार. तसं झालं नाही. त्यांनी टेप हातात घेऊन वजन पाहिलं, वास घेतला आणि विचारलं, "यात दुरुस्ती केली की कालचं कुठं जातं?"

"कालच्यावर आजचं लिहिलं जातं," साहेब म्हणाले. "कालचं कशाला हवं?"

बाईंनी त्यांना बसायला सांगितलं आणि चहा मागवला. मग दोघांचं पुष्कळ वेळ बोलणं झालं. साहेब समजून घेणारे होते. एकाच टेपवर भागवायचं नाही, असं ठरलं. तीन टेपा ठेवायच्या. आजची ती लेक, तिच्या आधीची आई, तिच्याही आधीची आजी. नवी लेक झाली की आजीची टेप पुसून वापरायची, आई नि लेक कायम हातात. परदेशात याला आजोबा, बाप आणि मुलगा म्हणतात, असं साहेब म्हणाले. बाई म्हणाल्या, "इथं जपून ठेवायचं काम आजी करते."

पण टेप घ्यायची की नाही हे त्यांनी अनुभवावर ठरवलं. वैशाखात त्या आठवडाभर पुण्याला राहिल्या. तोच प्रोग्रॅम कार्डांवरून चालवून बघायचा, टेपवरून चालवून बघायचा, मुद्दाम आकडे बदलून उत्तरं जुळतात का पाहायचं. सगळं जुळलं. बाईंनी टेप मान्य केली. कार्डांचे ट्रे कपाटात गेले, कपाटातला दिवा बंद झाला. मला थोडं चुकल्यासारखं वाटलं. बाईंना नाही. "चांगलं हत्यार आहे," त्या म्हणाल्या.

त्या पावसाळ्यात सुरुवातीला आमचे निरोप बरे निघाले. मग श्रावणात, जमीन पाणी पिऊन तट्ट झाल्यावर, ते कमी पडायला लागले. आम्ही म्हणायचो फरशी कोरडी राहील, तर तिच्यावरून पाणी जायचं. एकदा झालं, दुसऱ्यांदा झालं. बाईंनी पुण्याला कळवलं. तिकडून उत्तर आलं, की मशीन ठीक आहे, वरून येणारे आकडे तपासा.

तिसऱ्या वेळी माणूस गेला.

मार्गासनीच्या खालच्या अंगाला एक वाडी आहे. तिथला ज्ञानू नावाचा शेतकरी. त्याची म्हैस नदीपलीकडं चरायला गेली होती. कोतवालानं दुपारी आमचा निरोप वाचला होता, की संध्याकाळपर्यंत फरशीवर पाणी चढणार नाही. दिवस मावळायच्या आत तो म्हशीला घेऊन फरशीवरून परत निघाला आणि मध्यावर असताना पाणी आलं. म्हैस पोहून निघाली. तो खालच्या वळणावर करंजाच्या झाडाला अडकलेला सापडला.

दुसऱ्या दिवशी पुण्याहून फोन आला. संस्थेच्या मोठ्या साहेबांचं म्हणणं होतं की वेल्ह्याच्या बाजूला नदीच्या पट्टीवर पाणी मोजायला जो मारुती नावाचा माणूस ठेवलेला आहे, तो घरी बसून आकडे सांगत असणार. त्याला काढून टाकायचं आणि तसं लिहून प्रकरण मिटवायचं. बाईंनी फोन ठेवला आणि मला म्हणाल्या, "चल."

कापूरहोळ, नसरापूर करत आम्ही एस्टीनं वर गेलो. पाऊस चालूच होता. मारुती आम्हाला पट्टीजवळच भेटला. त्याच्यापर्यंत बातमी आधीच पोचली होती. त्यानं हात जोडले नाहीत की विनवणी केली नाही.

"बाई, त्या दिशी म्या हितंच व्हतो," तो म्हणाला. "पाणी छातीला लागत व्हतं. एका हातानं ह्ये झाड धरल्यालं, आन् पट्टी वाचली. म्या जे बघितलं त्येच वायरलेसवाल्याला सांगितलं. घरी बसून सांगायचं आसतं, तर भिजलो कशापायी?"

बाईंनी पट्टी पाहिली, काठावर राहिलेली गाळाची खूण पाहिली. मारुतीनं कळवलेला आकडा आणि ती खूण एकमेकांशी जुळत होती. "मारुती, तुमचा आकडा बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "मी तसं लिहून देणार आहे." 

आकडा बरोबर, मशीन ठीक, मग उरला प्रोग्रॅम. बाईंनी पुण्याहून टेपवरचा सगळा प्रोग्रॅम कागदावर छापून मागवला. धाकटे साहेब स्वतः घेऊन आले. माडीवरच्या जमिनीवर आम्ही ती लांब घडी उलगडली. कपाटातून जुने ट्रे काढले. मी एकेक कार्ड मोठ्यानं वाचायचे, बाई गुडघ्यांवर बसून छापील ओळीवर बोट ठेवायच्या. सकाळपासून हे चाललं होतं. दुपारी मी एक कार्ड वाचलं आणि बाईंचं बोट पुढं सरकलं नाही.

"परत वाच."

मी वाचलं. कागदावर त्या ओळीच्या आधी एक ओळ जास्त होती. ट्रेमध्ये ते कार्ड नव्हतं.

त्या ओळीचा अर्थ इतकाच होता, की जमीन कोरडी आहे असं धरा. जमीन कोरडी असली की पहिलं बरंचसं पाणी ती पिऊन टाकते, नदीला कमी येतं. वैशाखात, कार्डं आणि टेप ताडून बघताना, बाईंनी ते कार्ड मुद्दाम गठ्ठ्यात घातलं होतं. तात्पुरतं, म्हणून त्याच्यासाठी नवी रेघ ओढली नव्हती. त्यांनी ते काढायच्या आत धाकट्या साहेबांनी पक्की टेप करायला ट्रे मागितला आणि बाईंनी तो दिला. नंतर त्यांनी आठवणीनं कार्ड काढून ठेवलं. ट्रे स्वच्छ झाला. टेपवर मात्र जमीन भर श्रावणातही कोरडीच राहिली.

 बाई म्हणाल्या, "हे माझं आहे."

धाकट्या साहेबांचा चेहरा उतरला होता. "टेप मी केली होती," ते म्हणाले. "आणि बाई, मोठे साहेब म्हणतायत, मारुतीच्या नावावरच राहू दे. कुणाला काय कळणार आहे?"

"तुम्ही ट्रे मागितलात. मी दिला. त्यात काय आहे ते मला माहीत होतं, तुम्हाला माहीत नव्हतं." एवढं बोलून त्या उठल्या.  त्यांनी त्याच दिवशी सगळं लिहून पुण्याला पाठवलं. माफीची भाषा त्यात नव्हती. काय झालं, कसं झालं, कुणी केलं, एवढंच होतं.

ज्ञानूच्या घरी जायचं त्यांनी दहाव्यानंतर ठरवलं. मी बरोबर गेले. जाताना मी त्यांना म्हटलं, बाई, त्याच्या बायकोला यातलं काय समजणार, नुसतं भेटून येऊ. त्या म्हणाल्या, "तिला समजेल असं सांगता आलं नाही, तर तो माझा दोष."

ज्ञानूची बायको हौसाबाई ओट्यावर बसली होती. दोन लहान पोरी आत होत्या. बाई तिच्यासमोर जमिनीवर बसल्या आणि म्हणाल्या, "मी भोरच्या ऑफिसातली. पाणी चढणार नाही हा निरोप मी पाठवला होता. तो चुकीचा होता. मशीनला मी सांगून ठेवलं होतं की जमीन कोरडी आहे, आणि नंतर ते काढायचं राहिलं."

हौसाबाईनं पदर नीट केला. "पाऊस तुमी पाडला व्हय, बाई?"

"नाही."

"मंग?"

"पण पाणी चढणार नाही, असं मी म्हणाले होते. म्हणून ते फरशीवर उतरले."

 आतून एका पोरीनं हाक मारली, हौसाबाईनं लक्ष दिलं नाही. मला वाटलं, आता ती शिव्याशाप देईल, किंवा रडेल. तिनं बाईंकडं टक लावून पाहिलं आणि विचारलं, "आदी बी दोनदा चुकलं व्हतं न्हवं तुमचं?"

"हो."

"त्ये आमाला कुनी सांगितलं न्हाई. चुकलं व्हतं आसं कळलं आसतं, तर ह्यो थांबला आसता. हितं सगळी म्हनायची, मशीन सांगतंय म्हंजी खरं. लई इस्वास त्याचा मशीनवर."

  आम्ही उठताना हौसाबाई म्हणाली, "आता नीट कळवत जावा." तिच्या बोलण्यात राग होता की नव्हता, ते मला आजही सांगता येत नाही.

दुसऱ्या दिवशी बाईंनी निरोपाच्या सुरुवातीला एक ओळ घातली. आधी कालचं सांगायचं: काल आम्ही काय म्हणालो होतो, प्रत्यक्षात काय झालं, फरक किती पडला. मग आजचं. काल चूक झाली असेल तर साध्या शब्दांत म्हणायचं, "काल आमचा अंदाज चुकला." पुण्याला हे मुळीच आवडलं नाही. संस्थेनं आपल्या चुका रोज चावडीवर वाचून दाखवायच्या, हे मोठ्या साहेबांना वेडेपणाचं वाटलं. गावोगावचे लोकही आधी हसले. कोतवालानं निरोप वाचायला घेतला की पोरं ओरडायची, "काल चुकलं." बाईंनी ओळ काढली नाही. तो पावसाळा आणि पुढचा पावसाळा ती रोज गेली. चुका कमी होत गेल्या, पण थांबल्या नाहीत. नदीच ती. हळूहळू लोक त्या फरकावरून आपलं आपण ठरवायला लागले. काल हातभर कमी सांगितलंय ना, मग आज दोन हात जास्त धरा, असं म्हणून गुरं लवकर अलीकडं आणायचे.

मारुतीची नोकरी राहिली. बाईंची बदली झाली. पुण्याला, मशीनपासून लांब, जुन्या कागदांच्या कोठीत. जाताना त्यांनी मला प्रत्येक ट्रे उघडून दाखवला, प्रत्येक रंगाची रेघ कशाची ते सांगितलं. स्वतःबद्दल काही बोलल्या नाहीत. मी विचारलं, "वाईट वाटतंय का, बाई?" त्या थांबल्या, आठवलं, म्हणाल्या, "इथून जाण्याचं थोडं. बाकीचं जुनंच आहे."

त्यांच्या जागी आलेल्या साहेबांनी पहिल्याच आठवड्यात ती ओळ काढायला लावली. हुकूम वरून होता, माझं काही चाललं नाही. निरोप पुन्हा नुसते आजचे जायला लागले. आषाढ निघाला, श्रावण लागला. मग एका दुपारी माडीच्या जिन्यावर पावलं वाजली. मार्गासनीकडची पाच-सहा माणसं वर आली, घोंगड्यांतून पाणी गळत होतं. मागं डोक्यावर इरलं घेतलेली हौसाबाई होती. पुढच्या म्हाताऱ्यानं साहेबांना रामराम केला आणि विचारलं, "सायेब, कालचं काय झालं, त्ये तुमी सांगाया बंद का केलं?"

साहेब म्हणाले, "आता चुका होत नाहीत, आजोबा."

"त्ये आमाला कसं कळायचं?" म्हातारा शांतपणे म्हणाला. "काल किती चुकलं त्ये कळंपतूर आमी आजचं धरत न्हाई. कोतवालाला बी आमी सांगितलंय, निस्तं आजचं आसलं तर वाचू नगं."

साहेबांनी त्यांना बसायला सांगितलं. पुण्याला फोन लावला, बराच वेळ बोलले. फोन ठेवल्यावर माझ्याकडं न बघताच म्हणाले, "ती ओळ परत घाला."

पुढच्या रविवारी मी पुण्याला गेले. बाई भाचीकडं राहत होत्या. त्या गवार निवडत बसल्या होत्या. मी सगळं सांगितलं, म्हाताऱ्याचं बोलणं शब्दन् शब्द. त्यांनी शेंग खाली ठेवली.

"हौसाबाई पण आली होती?"

"हो. पण बोलली काही नाही. शेवटपर्यंत जिन्याजवळ उभी होती."

"एस्टीनं आली?"

"नाही, चालत. फरशीवर पाणी होतं, गाडी पलीकडंच थांबली होती."

बाईंनी चटकन वर पाहिलं. "मग ते लोक अलीकडं आले कसे?"

"वरच्या पुलानं. डोंगराच्या वाटेनं वळसा घालून. पहाटेच निघाले होते म्हणे."

बाईंनी शेंग उचलली, पुन्हा ठेवली. 

"म्हणजे पाण्यात उतरले नाहीत," त्या म्हणाल्या.